दोन डाव्या बाह्या

कोट अंगात गेला, पण उजवा हात काही नीट जाईना. म्हणजे गेला, नाही असं नाही, पण कोपराशी असा अडकला की आरशासमोर उभ्या असलेल्या बाईला वाटलं, कुणीतरी मागून आपला हात धरून ठेवलाय. तिनं खांदा झटकला, कॉलर ओढली, पोट आत घेतलं. आता बाहीचा आणि पोटाचा काय संबंध? पण कपडा बसला नाही की आधी स्वतःच्या पोटावरच संशय घ्यायचा, ही बायकांची जुनी खोड. शेवटी तिनं कोट काढून पलंगावर पालथा टाकला, दोन्ही बाह्या शेजारी शेजारी सारख्या केल्या आणि ती बघतच राहिली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या.

यात एवढं बघत राहण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. शिवणाऱ्याची चूक व्हायचीच. होते की! पण हा कोट शिवला होता तिच्या सासूबाईंनी. आणि सासूबाई म्हणजे काय साध्यासुध्या होत्या? नवरा गेल्यावर त्याचं कोट शिवायचं दुकान या बाईनं एकटीच्या हिमतीवर चालवलं, वाढवलं आणि गुडघे बोलायला लागले तेव्हाच बंद केलं. आल्यागेल्याची टर उडवता उडवता, कापडाकडे न बघता त्या बाही कापायच्या. एक बाही कापली की दुसरीसाठी नमुन्याचा कागद उलटा करायचा, हे शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतात. एकदा चुकला की शिव्या खातो, आणि पुन्हा म्हणून चुकत नाही. सासूबाईंनी तर आयुष्यभर त्या शिव्या दिल्या होत्या, खाल्ल्या नव्हत्या.

दुसऱ्या कुणा सुनेनं कोट घडी करून ठेवून दिला असता. ही सून पडली संशोधक, आणि विषय कोणता? म्हातारपणी माणसाची स्मृती जाऊ नये म्हणून काय करावं, हा! केस पांढरे झाले ते यातच. संस्थेत ती वृद्धांच्या चाचण्यांचा विभाग सांभाळायची, गल्लीत तिला सगळे 'आठवणताई' म्हणायचे, आणि भाजी घ्यायला गेली तरी कुणीतरी बाजूला घेऊन विचारायचंच, "ताई, हल्ली मला नावं आठवत नाहीत हो, ते तर नसेल ना?" ती हसून धीर द्यायची. आज तिला धीर देणारं कुणी नव्हतं.

कोट शिवला होता तो पुढच्या आठवड्यातल्या व्याख्यानासाठी. दरवर्षी संस्थेचं एक मोठं जाहीर व्याख्यान व्हायचं, आणि दरवर्षी शेवटी आठवणताई सासूबाईंना मंचावर बोलवायची. "ह्या माझ्या सासूबाई," ती सांगायची, "रोज चालतात, चार माणसांत मिसळतात, मीठ कमी खातात, कानाला यंत्र लावतात." मग सासूबाई माईक हातात घेऊन सुनेचीच फिरकी घ्यायच्या, सभागृह खो खो हसायचं, आणि मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत वाक्य यायचं: 'विसरणं आपल्या हातात आहे.' तिच्या शोधनिबंधांत असं कुठं लिहिलेलं नव्हतं. तिथं लिहिलं होतं की धोका कमी होतो, तोही सगळ्यांचा नाही. पण पडद्यावर जागा कमी असते, आणि टाळ्या तर छोट्याच वाक्याला पडतात.

संध्याकाळी तिनं कोट नवऱ्यापुढे टाकला.

"बरं मग?" नवरा म्हणाला. "चष्म्याचा नंबर वाढला असेल आईचा."

"अरे, त्या डोळ्यांनी कापत नाहीत, हातांनी कापतात."

"तुझं ना, न्हाव्यासारखं झालंय. त्याला माणूस दिसतच नाही, वाढलेले केस दिसतात." मग त्याचा आवाज जरा चिडका झाला. आईबद्दल बोलताना तो चिडला की समजावं, घाबरलाय. "एवढी शंका येतेय तर घे ना तुझी ती परीक्षा! करून टाक एकदाचं."

तिनं घेतली. जेवणाच्या टेबलावरच, भांडी बाजूला सारून. सासूबाईंनी चष्मा पुसला, पदवीच्या परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या आणि सुरू झाल्या. वार बरोबर, महिना बरोबर. घड्याळ काढून त्यात पावणेपाच वाजवा म्हटलं, तर असं सुबक काढलं की भिंतीवर लावावं. आणि सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द शेवटी विचारले तेव्हा तर त्यांनी बोटं दुमडत खडाखडा म्हणून दाखवले, "शिडी, मावशी, कापूस, बेडूक, निळा! अजून काय?" पैकीच्या पैकी! नवऱ्यानं बायकोकडे असं पाहिलं, की बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतलास. तिचाही जीव भांड्यात पडला. बाहीचं काय, चुकते एखाद्या वेळी.

भांड्यात पडलेला जीव दुसऱ्या दिवशी दुपारीच पुन्हा टांगणीला लागला. संस्थेत चाचण्या घेणाऱ्या नव्या लोकांचं शिक्षण चाललं होतं. ते घेत होत्या पेन्सिलबाई, म्हणजे विभागातली सगळ्यांत जुनी तपासनीस. कानावर कायम पेन्सिल, चेहरा कायम कोरा. तपासनिसाचा चेहरा असाच असावा लागतो. समोरच्यानं उत्तर बरोबर दिलं तरी म्हणायचं "छान, पुढे जाऊ या," आणि चुकीचं दिलं तरी म्हणायचं "छान, पुढे जाऊ या." आठवणताई दारावरून जात होती, आणि आतून पेन्सिलबाईंचा आवाज आला, "तीच चाचणी पुन्हा पुन्हा घेतली, की माणसाची स्मृती मोजली जात नाही. माणूस चाचणीच शिकून बसतो. याला सरावाचा परिणाम म्हणतात."

आठवणताई जागच्या जागी उभी राहिली. ते वाक्य तिचंच होतं. शिक्षणाच्या पुस्तिकेत तिनंच लिहिलं होतं. आणि इतकी वर्षं या नव्या लोकांना हात बसवायला ती कुठं पाठवायची? स्वतःच्या घरी! सासूबाईंना माणसांची हौस, चहा त्या करायच्या, आणि प्रत्येक नवा तपासनीस पहिली चाचणी घ्यायचा ती त्याच टेबलावर, त्यांचीच. शिडी, मावशी, कापूस, बेडूक, निळा. हे शब्द त्या घरात इतके रुळले होते की सासूबाई किराणा आणायला निघाल्या की नवरा थट्टेनं म्हणायचा, "येताना कापूस आणि बेडूक आण." असल्या माणसाची असली चाचणी घेऊन ही बाई काल सुखानं झोपली होती. साऱ्या जगाला ही चूक करू नका म्हणून सांगणारी! तिला स्वतःचा असा राग आला की भिंतीवर डोकं आपटून घ्यावं.

उपाय सोपा होता. संस्थेच्या कपाटात त्याच चाचणीचा दुसरा संच होता, नवे शब्द, नवी वेळ. घराबाहेरच्या माणसानं घ्यायचा, की झालं. पण सोपा उपाय करायला तिचे हात धजेनात. ती नुसती सासूबाईंवर डोळा ठेवून राहिली. सासूबाईंनी एकच विनोद दोनदा सांगितला. पण तो तर त्या आयुष्यभर दोनदाच सांगत आल्या होत्या, पहिल्यांदा लोक पुरेसे हसले नाहीत म्हणून! शेजारणीला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. पण त्या दोघी सारख्याच दिसायच्या की. शिवणयंत्रासमोर बसून त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. आता म्हातारं माणूस खिडकीबाहेर बघणार नाही तर कुठं बघणार? प्रत्येक गोष्टीला एक कारण सापडायचं आणि एकाही कारणानं समाधान व्हायचं नाही. तिची झोप उडाली, जेवण जाईना.

"काय गं," एकदा सासूबाई खेकसल्याच, "मी दूध आहे का, उतू जाईन म्हणून सारखी बघत बसलीयेस?"

त्यात संचालकांचा फोन. "मॅडम, या वर्षी आईंना मंचावर जरा जास्त वेळ देऊ या. खरं सांगू का, लोक आपल्यासाठी येतच नाहीत, त्यांच्यासाठी येतात."

"हो सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मंचावर, एवढ्या लोकांसमोर त्या अडखळल्या तर? आपण त्यांना कुठं नेऊन उभं करतोय? त्याच दिवशी तिनं पेन्सिलबाईंना गाठलं.

सासूबाईंना सांगितलं, व्याख्यानाची तालीम आहे. त्या ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बसवून संस्थेत आल्या. चाचणीची खोली छोटीशी होती: टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर मुद्दाम काहीच नाही, घड्याळसुद्धा नाही. नातेवाइकानं समोर बसायचं नाही असा नियम, म्हणून आठवणताई मागं, दाराजवळच्या स्टुलावर. तिला सासूबाईंची पाठ तेवढी दिसत होती.

"मी पाच शब्द सांगते," पेन्सिलबाई म्हणाल्या. "चमचा, काका, पाऊस, ससा, पिवळा."

सासूबाईंनी लगेच म्हणून दाखवले, आणि वर हसून म्हणाल्या, "शब्द बदललेत वाटतं या वेळी? बरं केलंत. जुन्याचा कंटाळा आला होता."

मागं स्टुलावर सुनेला रडू यायचं बाकी राहिलं, इतकं हायसं वाटलं. बघा, केवढं लक्ष आहे! शब्द बदलल्याचंसुद्धा कळलं!

मग वजाबाक्या झाल्या, चित्रं ओळखून झाली. पेन्सिलबाईंनी कोरा कागद पुढे केला. "घड्याळ काढा, आणि त्यात सव्वादोन वाजवा." सासूबाईंनी हात न थरथरता झकास गोल काढला, बारा आकडे बसवले, आणि काटे काढले. मान उंचावून सुनेनं पाहिलं. पावणेपाच वाजले होते.

"छान, पुढे जाऊ या," पेन्सिलबाई म्हणाल्या. "आता मघाशी मी पाच शब्द सांगितले होते. आठवतील तेवढे सांगा."

सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या. एवढीच घटका त्यांना जिंकायची होती असं त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. बोटं दुमडत, एकही शब्द न अडखळता, त्या म्हणाल्या, "शिडी, मावशी, कापूस, बेडूक, निळा!"

पेन्सिल थांबली. कोऱ्या चेहऱ्याची ती बाई, पण तिनं नजर वर न उचलता आधी घसा साफ केला. मग म्हणाली, "छान. पुढे जाऊ या."

बाहेर व्हरांड्यात बाक होता. दोघी तिथं बसल्या.

"पास ना गं?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेला खरं तर काहीच बोलायचं नव्हतं. पण इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघालंच, "छान झालं, आई. चला, पुढे जाऊ या."

सासूबाई उठल्या नाहीत. "हे मला नको सांगूस. तुझ्या इतक्या माणसांना मी चहा पाजलाय. उत्तर बरोबर आलं तरी तुम्ही हेच म्हणता आणि चुकलं तरी हेच म्हणता. पण चुकलं ना, की जरा गोड म्हणता."

सुनेनं मान खाली घातली. व्हरांड्यातून एक म्हातारे गृहस्थ मुलाचा हात धरून गेले.

"तुम्हाला कधीपासून कळतंय?" तिनं शेवटी विचारलं.

"झाले की महिने. यंत्रात दोरा ओवायला बसले आणि हात थांबला. दोरा दिसतोय, सुई दिसतेय, पुढं काय ते सुचेना. हसले स्वतःलाच. मग पुन्हा झालं, तेव्हा नाही हसू आलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला?" सासूबाईंचा आवाज चढला. "साऱ्या गावाला माझं तोंड दाखवून तू सांगतेस, हे बघा, हे शहाणं माणूस! मी नापास झाले तर तुझं काय राहील? म्हणून मग घोकायला लागले. रोज चालायला जाते ना, तुझ्याच सांगण्यावरून, तेव्हा घोकायचं. एका फेरीला शिडी, मावशी. दुसऱ्या फेरीला कापूस, बेडूक. दमले की निळा." त्या थोडं हसल्या. मग सुनेकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "एक विचारू? खरं सांगशील?"

"सांगेन."

"तू म्हणालीस ते सगळं मी केलं गं. चालले. अळणी खाल्लं. कानात ते शिट्ट्या मारणारं यंत्र घातलं. जिवावर यायचं, तरी त्या रटाळ बायकांत जाऊन बसले. मग माझं चुकलं कुठं?"

हा प्रश्न तिनं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असं नव्हतं. विभागात आलेल्या कितीतरी बायकांनी, पुरुषांनी, त्यांच्या मुलांनी हाच विचारला होता, आणि तिनं त्यांना हळूच पुढच्या खोलीचा रस्ता दाखवला होता. त्या सगळ्यांना वाटत राहिलं असेल की आपल्या हातात होतं, आणि आपण हातचं घालवलं. आणि हे त्यांच्या डोक्यात भरवलं कुणी?

"तुमचं काही म्हणजे काही चुकलं नाही, आई." ती म्हणाली. "हे सगळं केल्यानं धोका कमी होतो. जात नाही. काहींना सगळं करूनही हा आजार होतो. कदाचित तुम्ही चाललात म्हणून तो उशिरा आला असेल. तेही मला नक्की सांगता येत नाही. आणि आजारच आहे की आणखी काही, ते डॉक्टरांनी बघायचंय. उद्याच जाऊ."

"मग त्या पडद्यावर असं का नाही लिहीत?"

"वाक्य फार लांब होतं, आई."

"होऊ दे की लांब!" सासूबाई कडाडल्या. "कापड कमी पडलं म्हणून मी कुणाला एका बाहीचा कोट दिला का कधी?"

सुनेला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"घाबरलीस?"

"हो."

"मीपण. पण आपलं काही चुकलं नाही, हे बाकीच्यांना सांगून टाक. तेही बिचारे कुठंतरी घोकत बसले असतील." मग जरा थांबून, "मला मात्र वर चढवू नकोस या वेळी. मी खाली बसेन."

डॉक्टरांनी तपासलं, मेंदूचे फोटो काढले, आणि शंका होती तेच निघालं, स्मृतिभ्रंश. सुरुवात आहे, असं ते म्हणाले. घरी आल्यावर नवरा न्हाणीघरात नळ सोडून रडला. नळाच्या आवाजात ऐकू जात नाही असं त्याला वाटलं, ते वाटू दिलं दोघींनी.

पडद्यावरचं वाक्य बदलायचंय हे ऐकून संचालक मात्र हवालदिल झाले. "मॅडम, असं सांगितलंत तर लोक म्हणतील, मग चालायचं तरी कशाला?"

"सर, हे कळल्यावरही त्या आज सकाळी चालून आल्या," ती म्हणाली. संचालकांनी परवानगी दिली असं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

व्याख्यानाच्या दिवशी तिनं तोच कोट घातला. नवऱ्यानं बाहीकडे पाहिलं आणि मागून कोट खांद्यावर सारखा करून दिला. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत सासूबाई, शेजारी नवरा, पलीकडे कानावर पेन्सिल नसलेल्या पेन्सिलबाई. उजवा हात कोपराशी अडकत होता, म्हणून पडद्याकडे ती डावा हात करत होती. शेवटचं वाक्य आलं. छोटं नव्हतं, चार ओळींचं होतं, आणि तिनं ते वाचून दाखवलं: चालल्यानं, माणसांत राहिल्यानं, कान आणि रक्तदाब सांभाळल्यानं धोका कमी होतो, तरीही ज्यांना हा आजार होतो त्यांचं काही चुकलेलं नसतं. टाळ्या पडल्या नाहीत. मधल्या रांगेतली एक बाई तोंडावर हात दाबून रडायला लागली.

"हे मला शिकवलं," ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी. त्यांनी सगळं केलं. आणि त्यांना हा आजार झालाय."

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. सासूबाईंचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. कपाळाला आठ्या घालून त्या सुनेच्या खांद्याकडे बघत होत्या, आणि कानातल्या यंत्रामुळे आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कधीच कळत नसे.

"अगं, थांब थांब! कुणी शिवला हा कोट? दोन्ही बाह्या डाव्या लावल्यात मेल्यानं!"

सभागृह हसलं. इतका वेळ जीव मुठीत धरून बसलेली माणसं, त्यांना वाटलं, म्हातारीनं नेहमीसारखी फिरकी घेतली. नवऱ्यानं मात्र मान खाली घातली. पेन्सिलबाईही हसल्या नाहीत.

"एक कारागीर आहे, आई," सून म्हणाली. "फार नावाजलेला."

"कसला डोंबलाचा नावाजलेला! पैसे परत माग त्याचे. आणि तो कोट माझ्याकडे आण, मी उसवून नीट लावून देते. माझ्या हातून असली चूक कधी झाली नाही."

सवयीनं सुनेच्या ओठांवर आलं होतं, छान, पुढे जाऊ या. ते तिनं गिळलं.

"आणते, आई," ती म्हणाली. "उद्या दोघी मिळून उसवू."